भिंतीपलीकडे गेलेला त्रिकोण

शाळेत आम्ही सगळे त्याला 'सर' म्हणायचो, समोरासमोर मीही म्हणायचे. इथे मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. तेवढी मोकळीक मला आता आहे.

तो आमच्या गणित विभागाचा एचओडी. वयाने माझ्याहून बराच लहान, अंगात कायम कडक इस्त्रीचा शर्ट, आणि बोलताना एक हात खिशात. शाळा बदलापूरच्या टोकाला, खरवईकडच्या नव्या टॉवरांच्या पलीकडे. नावात 'इंटरनॅशनल' होतं. आंतरराष्ट्रीय म्हणावं असं तिथे मला तरी काही दिसलं नाही. फी तेवढी परदेशी वाटायची. मी त्याआधी उल्हासनगरात एका मराठी शाळेत गणित शिकवायचे. तिथले वर्ग एकेक करून बंद पडले, आम्हाला हार घालून निरोप दिला, आणि मी कात्रपच्या घरातून रिक्षाने या नव्या शाळेत जायला लागले. मराठी शाळेतून आलेली बाई म्हणून तिथे माझी किंमत काय होती, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या इंग्रजीवर हसणाऱ्या एका ताईंना अपूर्णांकांचा भागाकार येत नव्हता. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

नव्या अभ्यासक्रमात आठवीला डायलेशन नावाचा धडा होता. आमच्या जुन्या पुस्तकांत समरूप त्रिकोण होते, आलेख होते, पण आलेखावरची आकृती एका बिंदूपासून ठरावीक पटीने ताणायची किंवा आक्रसायची, असा वेगळा धडा नव्हता. हा धडा शिकवण्याआधी आम्हा शिक्षकांचं ट्रेनिंग झालं. ते अर्थात त्यानेच घेतलं.

त्याने स्मार्ट बोर्डावर एक त्रिकोण आणला, त्यावर दोन बोटं ठेवली आणि फाकवली. त्रिकोण मोठा झाला.

"झूम," तो म्हणाला. "डायलेशन म्हणजे झूम. मुलं मोबाइलवर रोज हेच करतात. दोन्ही कोऑर्डिनेट्सना फॅक्टरने मल्टिप्लाय करा. विषय संपला."

समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. एकीने तर वहीत 'झूम' असं लिहून त्याला चौकट केली.

मी विचारलं, "सर, आणि केंद्र?"

"केंद्र म्हणजे?"

"कुठल्या बिंदूपासून ताणायचं तो बिंदू. पुस्तकात दुसऱ्याच पानावर सेंटर दिलाय."

"सेंटर इज ओरिजिन, मॅडम. शून्य, शून्य. तुम्ही कॉम्प्लिकेट करू नका, मुलं घाबरतात."

मुलं घाबरत नाहीत. घाबरतात ते दुसरं पान न उघडलेले लोक. पण तेवढ्यात चहा आला आणि सगळ्यांचं लक्ष समोशांकडे गेलं.

त्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर आलेख कागद पसरून बसले. खरं सांगायचं तर मलाही हा धडा नवा होता, आणि अर्धवट समजलेलं शिकवायला मला लाज वाटते. मी एक छोटा त्रिकोण काढला. आरंभबिंदूपासून तिप्पट केला, तर तो मोठा होऊन वर उजवीकडे लांब निघून गेला. मग त्याच त्रिकोणाच्या पोटात एक बिंदू घेतला आणि तिथून प्रत्येक टोकाचं अंतर तिप्पट केलं. या वेळी त्रिकोण जागच्या जागी फुगला, चारी बाजूंनी. दोन्ही मोठे त्रिकोण कापून एकमेकांवर ठेवले. तंतोतंत बसले. आकार तोच, माप तेच, बदलली फक्त जागा. कुठे उभं राहून ताणता, यावर आकृती कुठे जाऊन पडते हे ठरतं. मला फार बरं वाटलं. या वयात एखादी गोष्ट स्वच्छ समजण्याचा आनंद वेगळाच असतो.

माझे यजमान अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत अधिकारी होते. ते पेपरामागून म्हणाले, "मोठा त्रिकोण हवाय तर मोठा काढ ना. एवढं कातरकाम कशाला?"

त्यांना समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. संसारात काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात.

वर्गात मात्र मी हा धडा मनापासून शिकवला. फळ्यावर खिळा मारता येत नव्हता, म्हणून एका मुलाला केंद्रावर बोट धरून उभं केलं आणि लोकरीचा धागा वापरला. केंद्रापासून टोकापर्यंत एक धागा, मग त्याच रेषेत पुढे तेवढाच आणखी दोनदा. केंद्र हलवलं की मोठी आकृतीही दुसरीकडे. पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांचं उल्हासनगरात पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं, आणि ते कुटुंब नुकतंच खरवईच्या टॉवरमध्ये राहायला आलं होतं. घरात सिंधी, मैत्रिणींशी हिंदी, माझ्याशी हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्हींची मिसळ. ती फळ्याकडे बघत म्हणाली, "मिस, म्हणजे सेंटर सरकवला तो साइज़ को कुछ नहीं होता. फक्त पत्ता बदलतो."

इतकं नेमकं वाक्य मला पुस्तकात सापडलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती लाजली नाही, नुसती मान हलवली, आणि मला ते आवडलं.

त्यानंतर महिन्याभराने शाळेत गणित जत्रा ठरली. पालक येणार, ट्रस्टी येणार, वरून ड्रोनने फोटो निघणार. त्याच्या डोक्यात कल्पना आली की शाळेचं बोधचिन्ह मैदानावर डायलेट करायचं. बोधचिन्ह म्हणजे एक साधं त्रिकोणी शिखर. अंबरनाथच्या शिवमंदिरावरून ते सुचलं असं ट्रस्टी प्रत्येक भाषणात सांगत. त्या देवळाचं शिखर ढासळलेलं आहे, हे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नसावं.

पीटीच्या सरांनी फक्कीने मैदानावर चौकोन आखून दिले. झेंड्याचा खांब कोपऱ्यात होता, तो झाला आरंभबिंदू. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत लांबीला वीस चौकोन, रुंदीला पंधरा. छोटं शिखर आधी काढलं: पायाची टोकं सहा-चार आणि आठ-चार, माथा सात-सातवर. याचं तिप्पट करायचं. त्याने मुलांच्या हातात खुंट्या दिल्या, स्वतः माइक घेतला, आणि रंगीत तालीम सुरू झाली.

"सिक्स इंटू थ्री?"

"एटीन!" मुलं ओरडली.

"फोर इंटू थ्री?"

"ट्वेल्व्ह!"

पहिली खुंटी अठरा-बाराला ठोकली गेली. मैदानाच्या पार त्या कोपऱ्याजवळ. मी व्हरांड्यात उभी होते. पुढे काय होणार ते मला दिसत होतं, आणि कुणालाही दिसलं असतं. मी खाली गेले आणि हळूच म्हणाले, "सर, पुढचा बिंदू चोवीसवर येतोय. मैदान वीसलाच संपतं."

त्याने ऐकल्यासारखं केलं आणि माइकमध्ये विचारलं, "एट इंटू थ्री?"

"ट्वेंटीफोर!"

दोन मुलं खुंटी घेऊन पळाली, भिंतीपाशी थांबली, एकमेकांकडे बघितलं. मग मुलांनी जे करायचं तेच केलं. एकाने दुसऱ्याला खांद्यावर चढवलं आणि तो भिंतीपलीकडे उतरला. गणित बरोबर होतं, शंकाच नाही. आरंभबिंदूपासून तिप्पट केलं तर शिखर भिंतीपलीकडेच जाणार होतं.

पलीकडे एका जुन्या शेतकरी घराची भाजीची वाडी होती. त्या घराने बाकीची जमीन विकली, पण तेवढा तुकडा ठेवला होता. तिथल्या आजी दिवसभर तिथेच असायच्या. भिंतीमागून त्यांचा आवाज आला.

"कोन रं तो? काय करताव माझे वाडीन?"

"आजी, डायलेशन!" वाडीतून मुलगा ओरडला.

"तुजं काय हाय ते तिकरं कर! माझी भेंडी मोरली!"

सगळं मैदान हसलं. मलाही हसू आलं, आणि आज आठवूनही येतं. पण त्याला हसू येत नव्हतं. मी तेवढ्यात पुन्हा सांगितलं, "केंद्र शिखराच्या आतच घ्या. सात-पाचला खुंटी मारा, तिथून तिप्पट करा. पाया चार ते दहा येतो, माथा अकरावर. सगळं मैदानात बसतं. मुलांना दोन्ही दाखवा, उलट जास्त समजेल."

आजूबाजूला बाकीचे शिक्षक होते. तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ऐन वेळी सेंटर बदलायला हे काय शॉपिंग सेंटर आहे का?"

सगळे हसले. एचओडीच्या विनोदाला हसणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांचे दात मला फार जवळून दिसतात.

मग त्याने काय केलं? पहिली खुंटी होती तिथेच ठेवली, दुसरी ओढून भिंतीला टेकवली, वीस-बारावर. माथा घेतला कोपऱ्यात, वीस-पंधरावर, कारण त्यापुढे जागाच नव्हती. म्हणजे पाया दोन चौकोन आणि उंची तीन चौकोन. मूळ शिखराचा पायाही दोनच होता आणि उंचीही तीनच. इतका खटाटोप करून, वाडीतली भेंडी मोडून, शिखर रतीभरही मोठं झालं नाही. फक्त एका अंगाला झुकलं. खरं तिप्पट केलं असतं तर आतली जागा नऊपट झाली असती. त्याने ती पहिल्याइतकीच ठेवली आणि वर आकारही बिघडवला. हे अजाणतेपणी जमवायलाही एक प्रकारची प्रतिभा लागते.

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला मी आठवीच्या मुलांना मैदानावर नेलं. पीटीच्या सरांनी उरलेली फक्की दिली, एक शब्दही न विचारता. आम्ही सात-पाचला खुंटी मारली, दोरी बांधली, आणि मुलांनी आळीपाळीने दोरी धरून तीन टोकं शोधली. पडद्याच्या दुकानवाल्यांची ती मुलगी आरडाओरडा करून बाकीच्यांना सरळ रेषेत ठेवत होती. "टेढ़ा मत जा! केंद्रातूनच जायचं!" तास संपायच्या आत छोट्या शिखराभोवती मोठं शिखर उभं राहिलं, त्याच्या सगळ्या बाजू समांतर. मुलं वर गॅलरीत जाऊन बघून आली आणि खाली येताना एकमेकांना ढकलत होती. त्यांना कळलं होतं. शिक्षकाला ते चेहऱ्यावरून समजतं, त्यासाठी चाचणी लागत नाही.

जत्रेच्या दिवशी आमच्या मोठ्या शिखरावर पालकांच्या खुर्च्या मांडल्या, मधलं छोटं शिखर तेवढं मोकळं ठेवलं. कोपऱ्यातल्या त्याच्या शिखरात रांगोळीचे भडक रंग भरले, भोवती झेंडूच्या कुंड्या ठेवल्या. रंगामुळे ते मोठं वाटावं अशी सोय होती. ड्रोन भिरभिरला. ट्रस्टींनी नारळ फोडला. मग माइकवर बोलायला त्याने माझ्याच वर्गातली ती मुलगी निवडली, कारण तिचा आवाज खणखणीत होता. तिने पाठ केलेलं न अडखळता म्हटलं: डायलेशन म्हणजे झूम, आमचं शिखर तिप्पट झालं, आमची शाळाही अशीच मोठी होत जाणार. टाळ्या पडल्या. शेकडो डोळ्यांसमोर दोन सारख्याच मापाचे त्रिकोण पडलेले, आणि एकानेही साधं बघितलंसुद्धा नाही. शिकलेले लोक होते सगळे. बँकेतले, मंत्रालयातले, आयटीतले.

मला त्या मुलीचाही राग आला. ती खाली आली तेव्हा मी म्हटलं, "छान बोललीस."

माझ्या आवाजातलं तिला बरोबर कळलं. "मिस, वो तो सरांनी लिहून दिलेलं," ती म्हणाली. "मेरेको पता है ना खरं काय ते." आणि पाणीपुरीच्या स्टॉलकडे पळाली. तेराव्या वर्षी इतका व्यवहार मला जमला नव्हता, अजूनही जमत नाही. राग तिच्यावर धरून ठेवणं शक्य नव्हतं. तो जिथला तिथे परत गेला.

सहामाहीचा पेपर त्याने काढला. एका प्रश्नात केंद्र दिलं होतं दोन-एक, पट तीन, आणि बिंदू चार-दोन. कुठल्या तरी तयार प्रश्नसंग्रहातून उचललेला असणार, कारण केंद्र शून्याबाहेर ठेवायची बुद्धी त्याची नव्हे. खरं उत्तर आठ-चार. केंद्रापासून दोन उजवीकडे आणि एक वर, त्याचं तिप्पट सहा आणि तीन, ते केंद्रात मिळवायचं. त्याच्या उत्तरसूचीत छापलं होतं बारा-सहा. नुसता गुणाकार.

माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी आठ-चार लिहिलं होतं. दुसऱ्या तुकड्यांनी बारा-सहा. मी आठ-चारला मार्क दिले. दोन दिवसांनी प्रिन्सिपल मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा विषय इंग्रजी होता, आणि गणिताला त्या दुरूनच नमस्कार करत.

"दोन उत्तरं कशी असू शकतात?" त्यांनी विचारलं.

"दोन नाहीत," मी म्हटलं. "एकच आहे." मी कागदावर काढून दाखवलं. मोजपट्टी ठेवली. तीनही बिंदू एका रेषेत, अंतर तिप्पट. "आता बारा-सहा बघा. रेषा तीच, पण केंद्रापासूनचं अंतर तिप्पट नाही, पाचपट होतं."

त्यांनी कागद बघितला. मला वाटतं त्यांना पटलं होतं. एक क्षणभर तरी.

तो म्हणाला, "मॅम, इट डिपेंड्स ऑन द मेथड. मॅडमची जुनी मेथड आहे."

"जुनी?" मी म्हटलं. "सर, तुम्ही प्रश्नातलं केंद्र वाचलंच नाहीत. याला मेथड म्हणत नाहीत."

त्याने खिशातला हात बाहेर काढला. प्रिन्सिपल मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला, कुणाच्या दिशेने ते कळलं नाही.

"असं करू," त्या म्हणाल्या. "प्रश्न रद्द करू. सगळ्यांना पूर्ण मार्क. म्हणजे कुणाची तक्रार नको. सगळे खुश ना?"

सगळे खुश होते. कोरं सोडणाऱ्यालाही मार्क मिळाले. मी वर्गात पेपर वाटले तेव्हा ती मुलगी टेबलापाशी आली.

"मिस, मेरा बरोबर था ना?"

"होतं."

"आणि त्यांचं चूक?"

"चूक."

"फिर सेम मार्क्स कैसे?"

मी तिला खरं तेच सांगितलं, की शाळेला भांडण नको होतं. तिचा चेहरा उतरला तसा मी त्या वर्षात दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. मार्क कापले गेल्यावर मुलं रडतात, तो प्रकार वेगळा. इथे कुणी काही कापलं नव्हतं. जे तिचं एकटीचं होतं ते सगळ्यांना वाटून टाकलं होतं.

वर्ष संपल्यावर मी ती शाळा सोडली. निरोप समारंभ नको असं कळवलं, तर त्यांनी तो आनंदाने टाळला. त्याला पुढे बढती मिळाली. आता तो त्यांच्या सगळ्या शाखांतल्या शिक्षकांना ट्रेनिंग देतो आणि उल्हासनगरात त्याचा स्वतःचा क्लासही निघालाय. फ्लेक्सवर त्याचा हाताची घडी घातलेला फोटो आहे. मी रिक्षातून जाताना दुसरीकडे बघते. मी घरीच, कात्रपला, मोजकी मुलं शिकवते. त्या मुलीच्या आईचा मला एकदा फोन आला होता. शिकवणीची चौकशी नीट केली, आणि शेवटी विचारलं, "मॅडम, आप सरवाला मेथडच शिकवणार ना? स्कूल में तो वही चलता है." मी नाही म्हटलं. मुलीला त्यांनी त्याच्याच क्लासला घातलं.

गेल्या श्रावणात एका सोमवारी मी अंबरनाथला शिवमंदिरात गेले होते. दर्शनाची रांग मोठी होती, म्हणून बाहेर बाकावर बसले, तर मागून "मिस!" अशी हाक आली. तीच. उंच झाली होती. आईच्या चपला सांभाळत उभी होती. मी विचारलं, क्लास कसा चाललाय? तिने खांदे उडवले आणि त्या विषयावर बोललीच नाही. बाकावर माझ्या शेजारी बसली.

"मिस, एक विचारू? फॅक्टर मायनस घेतला तो? मायनस दोन? सर बोलले असं नसतं."

"असतं," मी म्हटलं. "केंद्र कुठे घेशील?"

तिने पायापाशी पडलेला एक खडा उचलून फरशीवर ठेवला. मी पर्समधून खडू काढला. मास्तरणीच्या पर्समध्ये असतोच. तिला एक छोटा त्रिकोण काढायला सांगितलं आणि म्हटलं, आता टोकाकडून केंद्राकडे ये, पण थांबू नकोस, तशीच पलीकडे जा, दुप्पट. तिने एक टोक काढलं, दुसरं काढलं, आणि तिसऱ्याला तिचा हात थांबला.

"अरे! हा तो उलटा पडला. सेंटरच्या दुसऱ्या साइडला."

"मग?"

ती वाकून बघत होती. लोक आमच्या बाजूने पाय वाचवत जात होते. रांगेतून तिची आई हाका मारत होती, प्रसाद घ्यायला ये म्हणून. तिने मान वर न करताच हात हलवला, आणि मला म्हणाली, "एक मिनिट मिस, मायनस एक करून बघते."